नऊ नंबरचा नळ

मंगळवार, ८ फेब्रुवारी १९८३

गाडीने दगा दिला, पण जागा बघून दिला. आमच्या गावाहून, मलिगन्स टँकहून, निघाल्यापासून दोन दिवस लाल माती आणि कुंपणाला टेकून मेलेल्या मेंढ्या, याखेरीज काही दिसलं नव्हतं. मी तर खिडकीबाहेर बघणंच सोडलं होतं. आणि दुपारी एका चढावरून उतरलो तर समोर हिरवंगार. आधी वाटलं, ऊन डोक्यात गेलं. संत्र्यांच्या बागा, द्राक्षांचे मांडव, भाताची खाचरं, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी काठोकाठ भरलेले पाट. क्लॅरीने गाडी थांबवली, खाली उतरला आणि टोपी काढून उभा राहिला. चर्चमध्येही तो इतका वेळ टोपी काढत नाही. परत गाडी सुरू करायला गेला तर बॉनेटमधून वाफ. इंजिनाला पाणी पुरवणारा पंप गेला.

ही वही शाळेच्या मुलांनी दिली आहे. सव्वीस वर्षं त्यांची बस चालवली, निवृत्त झाले तेव्हा बाईंनी ती हातात ठेवली आणि बजावलं की नोला, सगळं नीट लिही, आम्ही वर्गात वाचून दाखवू. तर मुलांनो, ऐका. क्लॅरी माझा नवरा, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्याने पेपरातली जाहिरात वाचून, न बघता, एक होडी विकत घेतली हे कदाचित माहीत नसेल. नदीत घोटा बुडेल इतकं पाणी नाही अशा गावचा, सासष्ट वर्षांचा हा माणूस. होडी समुद्रकाठी पडून आहे आणि आम्ही ती आणायला निघालोय. बारमधले सगळे त्याला आठवडाभर कॅप्टन म्हणून हाक मारत होते. त्याला त्याचं काही नाही, उलट तो सलाम ठोकत होता.

या गावाचं नाव कॅलोवे. गॅरेजवाला म्हणाला की पंप शहरातून मागवावा लागेल, पुढच्या आठवड्यात येईल. इथला कॅरॅव्हॅन पार्क, म्हणजे चाकांवरची घरं उभी करायचा तळ, चालवणाऱ्या विनीने आम्हाला हाताला धरून आत नेलं. गोलमटोल बाई आहे, बोलायला लागली की थांबत नाही. कोरड्या मुलखातून आलेल्यांचं भाडं आम्ही घेत नाही म्हणाली, नऊ नंबरची जागा तुमच्यासारख्यांसाठीच राखून ठेवलीय, झाडाची सावली आहे, चांगले पाय पसरा. वर भोपळ्याचे स्कोन, छोटे मऊ पाव, आणून दिले, अजून गरम होते.

जागेच्या कोपऱ्यात एक नळ सताड उघडा होता. खाली सिमेंटची मोरी, तिथून पाणी गटारात. क्लॅरीने गाडीमागची आमची कॅरॅव्हॅन सोडवायच्याही आधी जाऊन तो बंद केला. आमच्याकडची ही खोडच आहे. टपकणारा नळ दिसला तर आपण परक्याच्या अंगणात शिरून बंद करतो आणि घरमालक वर आभार मानतो.

संध्याकाळी हिरवळीवर अनवाणी चाललो. क्लॅरी म्हणाला, पायांना कळेना की हे काय आहे.

बुधवार, ९ फेब्रुवारी

सकाळी बघते तर नळ परत उघडा, आणि वरची फिरवायची मूठ गायब. मी विनीला विचारलं, तर हसली. जुनाट नळ आहे गं, त्याच्याकडे लक्ष नको देऊस म्हणाली. मग सहज विचारावं तसं विचारलं, की काल बंद कुणी केला होता, तू की त्याने. मी म्हटलं क्लॅरीने. तिने त्याचं पूर्ण नाव विचारून घेतलं. पार्कच्या वहीत लिहायला लागतं म्हणे. लिहिताना ती चांगलीच सैलावली होती. मघापर्यंत खांदे कानापर्यंत चढवून बसली होती ती, ते खाली आले.

गाव बघून आले. प्रत्येक घरापुढे गालिच्यासारखी हिरवळ आणि भर दुपारी कारंजी चालू. आमच्याकडे आंघोळीचं पाणी टोमॅटोला जातं, इथे लोक रस्ता धुतात. बघून राग यायला हवा होता, पण लोक फार गोड. क्लबात पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी मंडळी हिरवळीवर लाकडी चेंडू घरंगळवत होती. त्यांचा अध्यक्ष रेक्स ऑल्डरसी. इथला पाटकरीही तोच. कोणाच्या शेताला कधी पाळी, कोणाची चारी किती उघडायची, हे सगळं त्याच्या हातात, त्याच्या बापाच्याही होतं आणि आजोबाच्याही. उंचापुरा, शांत. टोपीला हात लावून म्हणाला, की पुढच्या शनिवारी आमचा अंतिम सामना आहे, तोवर असाल तर जरूर या.

विनीची नात टिली सहा वर्षांची आहे, समोरचे दोन दात पडलेले. ती दिवसभर क्लॅरीच्या मागेमागे. त्याने तिला कागदाच्या चार होड्या करून दिल्या आणि त्या दोघांनी त्या पाटात सोडल्या. क्लॅरी तिला गंभीरपणे सांगत होता, की पहिल्या होडीचा कप्तान मी, तू खलाशी. ती म्हणाली नाही, उलट.

एक गंमत लिहायची राहिली. आमच्या जागेच्या हिरवळीवर वाळलेल्या गवताचे ठसे उमटलेत. पावलांचे. बाकी गवत हिरवं, फक्त पावलाएवढं पिवळं आणि कुरकुरीत. नळापासून निघून आमच्या पायरीच्या अर्ध्या वाटेपर्यंत. मला वाटलं, कुणाच्या तरी बुटाला तणनाशक लागलं असावं. पण ठसे अनवाणी आहेत. मोजायची सवय, म्हणून मोजले. दोन मोठी माणसं, तीन मुलं.

क्लॅरी आज फार पाणी पितोय. ऊन आहे खरं.

गुरुवार, १० फेब्रुवारी

पहाटे उठले तर क्लॅरी सिंकच्या नळाला तोंड लावून उभा. किती वेळ उभा होता ते त्यालाच सांगता येईना. मी त्याला बाजूला केलं तर बाजूला झाला, पण डोळे नळावर. दिवसभरात त्याने पाण्याचे किती जग रिकामे केले याचा हिशेब मी दुपारी सोडला. इतकं पिऊन तो एकदाही लघवीला गेला नाही. ओठ फुटलेत. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते, तहानेने मरायला टेकलेल्या मेंढीची राहते तशी. हे मी हजारदा बघितलं आहे, पण पाण्याच्या टाकीशेजारी कधी बघितलं नव्हतं.

गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. नर्स कोरलने सलाइन लावलं. ती बाटली मी डोळ्यांनी रिकामी होताना पाहिली, मग मी एक पेला भरून घेईपर्यंत दुसरीही. तिसरी लावताना कोरल माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, मोठ्या इस्पितळात पाठवा, विमान बोलवा. ती म्हणाली, उपयोग नाही गं नोला, आणि लगेच सावरून म्हणाली, की त्याला प्रवास झेपणार नाही. पहिलं वाक्य तिच्या तोंडून सटकलं होतं.

संध्याकाळी परत आणला. ठसे पायरीपर्यंत आलेत. पहिल्या पायरीवर लाकूड पांढरं पडलंय, पाच ठिकाणी.

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

मुलांनो, इथून पुढचं वर्गात वाचायचं नाही. बाई, तुम्ही वही बंद करा.

सकाळी असुंता आली. पाटापलीकडच्या घरात एकटी राहते, अठ्ठ्याहत्तरची, इटलीहून तीस वर्षांपूर्वी आलेली. हातात टोमॅटोच्या रसाची बरणी. क्लॅरीला बघून तिने बरणी खाली ठेवली आणि स्वतःच्या छातीवर क्रूस काढला. मग मला बाहेर बाकावर बसवून तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते, नाहीतर मला वेड लागलंय असं वाटेल.

ती म्हणाली, हे पाट खणले तेव्हा खालच्या अंगाला नदी आटली. एकोणीसशे चौदाचा दुष्काळ. खालून एक कुटुंब चालत वर आलं, नवरा-बायको आणि तीन मुलं. घोडा वाटेत मेला होता. गावात शिरले तर पहिला नळ हा, नऊ नंबरचा. तेव्हा इथे पाटकऱ्याची चौकी होती. पाटकरी म्हणजे रेक्सचा आजोबा. त्याने नळाला कुलूप घातलं. आज यांना दिलं तर उद्या नदीकाठची सगळी माणसं वर येतील, म्हणाला. गावाने मान डोलावली. ती पाच जणं नळाशी बसून राहिली. पाइपातून पाणी वाहताना ऐकू येत होतं त्यांना. कुणी पेलाभर आणून दिलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी उचलून पुरली.

पुढच्या उन्हाळ्यात गावातली माणसं पाण्यात उभी राहून तहानेने मरायला लागली. तेव्हा कुलूप काढलं, नळ उघडा ठेवला. नळ वाहतो तोवर ती पाच तिथेच बसतात. तरी दर फेब्रुवारीत उठतात आणि गावातला एक जण जातो, कुणीही. पण नळ जर कुणी हाताने बंद केला, तर ती त्या हातामागे जातात. तो गेला की परत नळाशी येऊन बसतात, वर्षभर गाव मोकळं. हे गावाला कळलं एका फिरस्त्यामुळे. त्याने नळ वाया जातोय म्हणून बंद केला होता. तेव्हापासून नऊ नंबरची जागा कोरड्या मुलखातल्या माणसांना फुकट. कारण उघडा नळ बघून बंद केल्यावाचून राहवत नाही ते फक्त आपल्याला, नोला. एकदा बंद झाला की दुसऱ्या दिवशी रेक्स येतो, उघडतो, आणि काम होईपर्यंत मूठ काढून नेतो.

मी विचारलं, तुला कसं माहीत. ती म्हणाली, आम्ही बोटीतून उतरून इथे आलो ना, तेव्हा आम्हालाही नऊ नंबरच दिला होता. बियाजोने बंद केला. त्याची कबर इथेच आहे म्हणून मी गेले नाही. तीनदा नळावर पाटी लावली, तीनदा उपटली. या वेळी तुमची गाडी दिसताच निघाले होते, पण गुडघा धड नाही, पाट ओलांडेपर्यंत तुझ्या नवऱ्याने बंदही केला होता.

उपाय विचारला. नाही म्हणाली. एकाला त्याच्या भावाने तीनशे मैल दूर नेलं होतं, तो तिथे मेला.

दुपारी रेक्सच्या कचेरीत गेले. त्याने खुर्ची दिली, संत्रं सोलून समोर ठेवलं, आणि काहीही नाकारलं नाही. एकदा सुरू झालं की थांबत नाही, एवढंच म्हणाला. त्यानेच मला घाम पुसायला रुमाल दिला. समजावून सांगत होता, की हे बघ नोला, दोन हजार माणसं आहेत, पोरंबाळं आहेत, वर्षाला एक. आम्ही कुणाच्या हाताला धरून बंद करायला लावत नाही. तू बस चालवायचीस ना, मग तुला कळेल, एकासाठी अख्खी बस खड्ड्यात घालायची का. मी म्हटलं, सव्वीस वर्षांत मी एकाही पोराला वाटेत उतरवलं नाही. त्यावर तो म्हणाला, तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचं आम्ही बघू, आणि पुढच्या सगळ्याचंही. पुढचं सगळं म्हणजे काय ते मला कळलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण क्लॅरी एकटा होता म्हणून उठून आले.

संत्रं तिथेच टाकून आले.

रविवार, १३ फेब्रुवारी

लिहायला वेळ नाही. त्याला पाटात बसवून ठेवलंय, गळ्यापर्यंत पाण्यात, मी मागून धरून. पाणी त्याच्या अंगाला लागतं आणि त्याला ते लागत नाही. जीभ सुजून बोलता येत नाही. बोटाने माझ्या तळहातावर होडीचं नाव लिहितो. त्याने तिला माझं नाव दिलंय हे मला आत्ता कळलं. मूर्ख माणूस.

आमच्या पुढे, काठावरचं गवत पाच ठिकाणी वाळत गेलं. माझ्या डोळ्यांदेखत, भर उन्हात. बसल्यासारखी गोल वाळली जागा. ती बघत बसली होती.

सोमवार, १४ फेब्रुवारी

क्लॅरी गेला. सकाळी अकरा वाजता, पाटात, माझ्या हातांत. चिपाडासारखा हलका झाला होता, मी एकटीने बाहेर काढला.

कोरलने कागदावर उष्माघात लिहिलं. मी तिला वाचून दाखवायला सांगितलं. तिने वाचलं.

बुधवार, १६ फेब्रुवारी

त्याला पुरला. इथल्या हिरव्या दफनभूमीत, बियाजोच्या पलीकडे. कबरींवर नावं आहेत आणि गावं आहेत, एक बियाजो सोडला तर सगळी आमच्या बाजूची, कोरड्या मुलखातली. सगळ्यांचा महिना फेब्रुवारी. एका रांगेत. मी मोजल्या. एकोणसत्तर वर्षांतले त्रेसष्ट. सहा वर्षं गावाला स्वतःची माणसं द्यावी लागली असतील.

सगळं गाव आलं. काळे कपडे, टोप्या हातात. बायकांनी पॅटिस आणि केक आणले, इतके की ठेवायला जागा नाही. विनी माझ्या गळ्यात पडून रडली. आणि सांगते, ती खोटं रडली नाही. त्याचीच मला जास्त चीड आली. रडू येतं यांना, आणि पुढच्या वर्षी परत गवत कापून नऊ नंबर तयार.

रेक्सने काल मूठ परत बसवली. तेलही घातलं.

मी विनीला म्हटलं, की एकटीला घर खायला उठतं, शनिवारी सामन्याच्या चहापाण्याला मदत करू का. तिने माझे हात हातात घेतले. किती गं मोठं मन तुझं, म्हणाली.

शुक्रवार, १८ फेब्रुवारी

क्लॅरीच्या हत्यारपेटीत सगळं आहे. पाना, पकड, दोरा, वायसर. पस्तीस वर्षं त्याच्या पंपदुरुस्तीत त्याला हत्यारं देत उभी राहिले, ते वाया गेलं नाही.

दुकानातून नवा पितळी नळ आणला. दुपारी सगळं गाव जेवून पडलेलं असतं तेव्हा जुना काढला, नवा बसवला, उघडा ठेवला, वर चिखल फासला. पाणी वाहतंय. नळाकडे कोण बघतं.

जुन्याची मूठ बदलली, क्लबातल्या पिंपाच्या नळाची सकाळीच काढून आणली होती, ती बसवली. क्लबात सामन्याला लिंबाचं सरबत असतं, मोठं पत्र्याचं पिंप, खाली तोटी. जो तो आपला पेला भरतो आणि आपल्या हाताने तोटी बंद करतो.

नळ टॉवेलात गुंडाळून क्लबाकडे चालत गेले. त्यांची ती जपलेली हिरवळ आडवी ओलांडली. मागे वळून पाहिलं. माझी पावलं उमटली नव्हती. त्या पाचांची उमटली होती, माझ्या मागोमाग, लहानात लहान मला चिकटून.

पिंपाची तोटी काढून तिथे हा नळ बसवला, आणि पिंपाशी बसून मी त्यांच्याशी बोलले. बसमध्ये मुलांशी बोलायचे तशी. म्हटलं, तुम्ही आमच्याच बाजूची माणसं, आणि एकोणसत्तर वर्षं आपल्याच माणसांना खाताय. तुमचं भांडण यांच्याशी. उद्या सगळे येतील. रेक्स ऑल्डरसी, कुलूपवाल्याचा नातू. विनी, नावं लिहून घेणारी. कोरल, कागद लिहिणारी. नावं सांगत गेले. लाकडी फरशी कोरडी पडून कडकड वाजत होती.

पिंप भरायचं तर तोटी बंद हवी. ती मीच बंद केली. कळून केली.

असुंताला सांगून आले, उद्या गुडघा दुखतोय म्हणून घरीच बस, आणि काही झालं तरी क्लबाची पायरी चढू नकोस. तिने माझ्या कपाळाचा मुका घेतला. मुलांसाठी सरबत वेगळं केलंय, दोन जग, झाकण लावून टेबलावर. त्यांना तोटीशी जायचं कारणच नाही.

शनिवार, १९ फेब्रुवारी

चव्वेचाळीस डिग्री. सगळे पांढऱ्या कपड्यांत.

रेक्स पहिला आला. टोपीला हात लावला, पेला भरला, तोटी बंद केली. हात स्वच्छ, नखं कापलेली. म्हणाला, साखर बेताची आहे, छान. मग विनी. कोरलने दोनदा घेतलं. गॅरेजवाला. पाद्री. दुकानदार आणि त्याची बायको. मी उभी राहून मोजत होते. ओठांवर हसू होतं ते खरं होतं, लाज वाटत नाही मला.

एकशे चौदा हात.

मला पहाटेपासून तहान आहे. वायसर जुना होता, तोटी थोडी टपकत होती, तेवढं मनासारखं झालं नाही. क्लॅरीने असं काम पदरात घेतलं नसतं.

रविवार, २० फेब्रुवारी

चर्चमध्ये पाद्री प्रार्थना अर्धी सोडून बाप्तिस्म्याच्या कुंडाला तोंड लावून—

सगळी कारंजी बंद. लोक पाटात. ओळीने. पांढरे कपडे. गुरांसारखे तोंड पाण्यात घालून. हिरवळी पिवळ्या पडत चालल्यात, दारापासून दारापर्यंत, त्याच पाच जोड्या, सगळीकडे त्याच.

रेक्स आला होता. गुडघ्यांवर. नळ नवा आहे हे त्याला कळलं. विचारत होता, तू काय केलंस, कसं थांबवायचं. मी त्याला पेला भरून दिला. तो प्याला. दुसरा दिला. प्याला. मग मी सांगितलं, की थांबवायचं कसं ते मला तुम्हीच सांगितलंत, कचेरीत, संत्रं सोलताना. थांबत नाही.

तो रडत होता. अश्रू येत नव्हते.

बरं वाटलं. अजून बरं वाटतंय. माझी जीभ जड—

सोमवार, २१ फेब्रुवारी

टिली पायरीवर आहे.

आजी पाटातून उठत नाही म्हणाली. तहान लागलीय म्हणाली. ओठ फुटलेत—

मी विचारलं, जगातलं सरबत घेतलंस ना, तोटीचं नाही ना. म्हणाली, जगातलंच घेतलं. पण नंतर तोटी टपकत होती, वाया जात होतं, म्हणून मी घट्ट बंद केली. शाबासकी हवी होती तिला. मी—

देवा, हे नाही. हे मी नव्हतं—

त्या पाचांना सांगितलं, हिचं मला द्या. मी तर आहेच तुमची. ओरडून सांगितलं. ऐकत नाहीत.

चमच्याने देतेय. अठरा पेले. मला उभं राहवत नाही. लिहिते कारण हात थांबला तर—

टिली दाराकडे बघते. म्हणते, त्या तिघांना का देत नाहीस.

कोण तिघं.

ती बोट दाखवते. तिथे पायरी पांढरी आहे. नुसती.

मी त्यांना नावं सांगितली. रस्ता दाखवला. पाणी विचारलं नाही. एवढ्या वर्षांत कुणीच—नळ उघडा ठेवला सगळ्यांनी, हातात कुणी—

भरला. धरला पुढे. माझ्या बोटांवर—कोरडी, लहान—

पेला रिकामा.

दुसरा भरते. तिसरा. मोठ्या दोघांनाही. सांडतंय, सांडू दे—

टिलीने तिचा पेला खाली ठेवला. अर्धा भरलेला. बसवत नाही म्हणून डोकं माझ्या मांडीवर—टिली, अगं बघ माझ्याकडे, तहान गेली का तुझी, टिली, तू—